थोरगिल्स ‘चांगलं झालंय’ म्हणाला, म्हणून

मी योरुन हाल्सदोत्तिर, वय वर्षे शहात्तर, धंदा कादंबऱ्या लिहिणे, राहणार हुसाविक, बंदराच्या वरच्या अंगाचे हिरव्या पत्र्याचे घर, आज सोमवारी सकाळी कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. अशा कागदात मन स्थिर असल्याचे लिहायची रीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, पण मन स्थिर नाही, ते कालपासून हादरलेले आहे, आणि पहिल्याच वाक्यात खोटे लिहून कागद सुरू करणे मला जमणार नाही. अक्षर वाकडे आले तरी ते माझेच समजावे.

कारण सांगणे भाग आहे, नाहीतर म्हातारीला एकाएकी मरणाची घाई का झाली असे लोक विचारतील. काल थोरगिल्स एयनार्सन माझ्या नव्या कादंबरीचा पहिला खर्डा परत द्यायला आला. थोरगिल्स हा माझा पूर्वीचा नवरा. तो शाळेत इतिहास शिकवायचा. आमची मुलगी आल्दिस सात वर्षांची असताना आम्ही वेगळे झालो, कारण मी जेवताना बोलले तरी तो मध्येच वाक्य दुरुस्त करायचा. लग्न मोडले, पण वाचन मोडले नाही. माझ्या प्रत्येक पुस्तकाचा पहिला खर्डा आजवर त्यानेच आधी वाचला, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आणल्याशिवाय तो या घरातून बाहेर पडला नाही. पहिल्या कादंबरीच्या वेळी म्हणाला होता की सुरुवातीची तीन प्रकरणे तू नुसती खाकरते आहेस, बोलायला चौथ्यात लागलीस. मी ती तिन्ही फाडली. त्या पुस्तकाला पुढे मान मिळाला तेव्हा तो म्हणाला, “वाईट नाही.”

आमच्याकडे ‘वाईट नाही’ याच्या वर पायरी नाही. जिवंत माणसाचे तोंडावर कौतुक कोणी करत नाही. सगळे गोड बोलणे माणूस गेल्यावर, पुरायच्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. तिथे मात्र शेजारी, भाचे, शाळासोबती सगळे पानभर लिहितात, आणि मेलेल्याला थेट ‘तू’ म्हणून हाक मारून लिहितात.

काल थोरगिल्सने बूट काढले, खर्डा टेबलावर ठेवला, कॉफीला हात लावला नाही आणि म्हणाला, “वाचलं सगळं. चांगलं झालंय, योरुन. एक शब्द बदलू नकोस.”

मी खर्डा ओढून घेतला. पहिल्यापासून चाळला. एकाही पानावर पेन्सिलीची रेघ नव्हती. गेल्या महिन्यात दवाखान्यात माझ्या हृदयाची तपासणी झाली आहे, तिचा निकाल मला अजून मिळालेला नाही. थोरगिल्सची आताची बायको वाल्बोर्ग त्याच दवाखान्यात जन्मभर नर्स होती, आणि अजूनही तिथे कॉफी प्यायला जाते. दोन आणि दोन चार करायला मला कोणी शिकवायला नको. मी मरणार आहे, हे वाल्बोर्गला कळले, तिने त्याला सांगितले, आणि तो माझ्या तोंडावर माझा मृत्युलेख बोलून गेला. म्हणून हा कागद.

कलम एक. घर.
घर, घरातले सामान आणि बटाट्याचे वाफे माझी मुलगी आल्दिस थोरगिल्सदोत्तिर हिला. ती रेक्याविकला दातांची डॉक्टर आहे. ती घर विकेल हे मला ठाऊक आहे, विकावे. तिला एकदा मी खर्डा वाचायला दिला होता. तिने एका रात्रीत वाचून “छान आहे, आई” असे कळवले. लोकांच्या दाढेतली कीड जी एका नजरेत सांगते, तिला आईच्या पुस्तकातली कीड दिसली नाही. तेव्हाच मला समजले की माया करणाऱ्या माणसाकडे पहिला खर्डा देऊ नये. आल्दिस, यात तुझा दोष नाही. तू माझ्यावर माया करतेस आणि मला त्याची गरज आहे, फक्त खर्ड्याच्या बाबतीत नाही.

कलम दोन. बँकेतले पैसे.
जे असतील ते गावच्या ग्रंथालयाला. त्यातून दरवर्षी नवख्या लेखकांची पहिली पुस्तके घ्यावीत, माझी पुस्तके घेऊ नयेत.

कलम तीन. स्वेटर.
माडीवरच्या कपाटात मी विणलेले स्वेटर आहेत, पुस्तकागणिक एक. ते आवडीने विणलेले नाहीत. थोरगिल्सने खर्डा परत दिला की पहिल्या दिवशी मी त्याला मनात शिव्या द्यायची आणि लोकर घेऊन बसायची, कारण त्या दिवशी फोन उचलला असता तर आमचे पुन्हा भांडण होऊन दुसऱ्यांदा फारकत झाली असती. हातात सुया असल्या की माणूस फोन करत नाही. अर्धा स्वेटर होईपर्यंत वाटायचे, मेल्याला काय कळते. गळ्यापाशी येईपर्यंत वाटायचे, एवढे एक ठिकाण मात्र त्याने बरोबर धरले आहे. शेवटची गाठ मारून झाली की मी टेबलाशी बसून त्याच्या खुणांप्रमाणे कामाला लागायची.

तपकिरी स्वेटर आल्दिसला. तो मासळीच्या कारखान्यावरच्या कादंबरीनंतरचा आहे. संतापाने टाके इतके आवळले गेलेत की तो कोणाच्याच डोक्यावरून खाली उतरत नाही, तिने तो उशीवर चढवावा. राखाडी वाल्बोर्गला, तो अंगाला चांगला बसतो. त्या वर्षी थोरगिल्स नरमाईने बोलला होता, घशाला सूज होती म्हणून. बाकीचे चर्चच्या विक्रीला द्यावेत.

या वेळी मी काल संध्याकाळी सवयीने लोकर काढली, सुया घेतल्या आणि पहिला टाका घालायला राग येईना. मी तशीच बसून राहिले. मला इतके घाबरल्यासारखे कधी झाले नव्हते.

कलम चार. स्कूली.
पोहण्याच्या तलावाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडात रोज सकाळी गळ्यापर्यंत बुडून जे मंडळ बसते, त्याचा प्रमुख स्कूली मार्कुस्सोन. पूर्वी बोटीवर कप्तान होता, आता सगळ्या गावाचा आहे. एका वर्षी थोरगिल्स आजारी होता म्हणून मी मूर्खासारखा माझा खर्डा या मंडळाला कुंडात वाचून दाखवला. रोज एक प्रकरण. आमच्या गावात कोणाला ‘यातला बापलेकांचा तंटा खरा वाटत नाही’ असे म्हणता येत नाही, पण ‘त्या वाडीवर वारा त्या बाजूने येत नाही’ हे सगळ्यांना म्हणता येते. स्कूली म्हणाला की कथेतली म्हातारी ही सरळसरळ त्याची आजी आहे आणि त्याची आजी कधी तंबाखू ओढत नसे. दुसरा म्हणाला, त्या बोटीचा रंग निळा नव्हता. तिसरीने म्हातारीच्या मावसभावाचे लग्न चुकीच्या घरात लावल्याबद्दल मला झापले. मी सगळ्यांचे ऐकले. वारा फिरवला, बोट रंगवली, म्हातारीची तंबाखू सोडवली.

थोरगिल्स बरा झाल्यावर त्याने तो खर्डा वाचला आणि म्हणाला, “आठ जणांनी मिळून लिहिलंय, आणि आठही जण पाण्यात बसलेत. यात तू कुठंयस?” ते पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून लिहिले. स्कूलीने अजून तंबाखूबद्दल मला माफ केलेले नाही. मी त्याला माफ करते. याशिवाय त्याला काही मिळणार नाही.

कलम पाच. जुने खर्डे.
तळघरात खोक्यांमध्ये सगळे खर्डे आहेत, थोरगिल्सच्या पेन्सिलीसकट. ते ज्याला लिहायची खाज आहे अशा कोणालाही मोफत द्यावेत. घेणाऱ्याने एक गोष्ट पाहावी. ‘इथे कंटाळा’, ‘इथे तू मागे लपलीस’, ‘हा माणूस असं करणार नाही’, अशा जिथे जिथे खुणा आहेत, त्या जागा बहुतेक सगळ्या मी बदलल्या आहेत. पण ‘त्यापेक्षा असं कर’ म्हणून त्याने जे जे सुचवले, ते एकदाही केलेले नाही. कुठे दुखते ते त्याला बरोबर कळायचे. औषध मात्र तो इतिहासाच्या मास्तरासारखे सांगायचा, सगळ्यांना एकच. हे कळायला मला चार पुस्तके लागली. तोवर मी एकतर त्याचे सगळे मानायची किंवा सगळे झिडकारायची, आणि दोन्ही वेळा पुस्तकाचे वाटोळे व्हायचे.

कलम सहा. नवी कादंबरी.
डोंगरघाटातून टपालाची गाडी चालवणाऱ्या ऊना नावाच्या बाईची ही गोष्ट आहे. तिचा भाऊ एका हिवाळ्यात घाटात हरवतो. हा खर्डा मी थोरगिल्सच्या स्वाधीन करते. मी गेल्यावर त्याने त्यात हवी ती काटछाट करावी, त्याचा शब्द शेवटचा. माझे लिहिण्याचे टेबलही त्यालाच.

प्रकाशकबाईंना मी आज सकाळी फोन करून पुस्तक तयार आहे असे कळवले आहे, म्हणजे शरद ऋतूत, नाताळच्या आधी सगळी पुस्तके येतात तेव्हा तेही येईल. थोरगिल्सने काय म्हटले असे त्यांनी विचारले. मी सांगितले, चांगलं झालंय म्हणाला. त्यांनी लगेच माझी तब्येत कशी आहे असे विचारले.

इथपर्यंतचा मजकूर सोमवारी, मी मरणार होते तेव्हा लिहिला. आज गुरुवार आहे आणि मी मरत नाही.

सकाळी दवाखान्यात गेले. डॉक्टर रेक्याविकहून नुकतीच आलेली पोर आहे. तिने कागद पाहिले आणि म्हणाली की तुमचे हृदय माझ्यापेक्षा नीट चालते आहे. मी तिला पुन्हा बघायला सांगितले. तिने पुन्हा बघितले. मी म्हटले, लपवू नकोस, मला समजले आहे. तिने काय समजले म्हणून विचारले, तर मी सांगितले की थोरगिल्सने माझी कादंबरी चांगली आहे असे म्हटले आहे. त्यावर ती आज वार कोणता, महिना कोणता, असले प्रश्न विचारू लागली. मी सगळी उत्तरे बरोबर दिली आणि बाहेर येऊन गाडीत बसले.

गाडी सुरू करता येईना. माणसाला आपण जगणार हे कळल्यावर आनंद व्हायला हवा. मला रविवारपेक्षा मोठा धक्का बसला होता. मी मरत नसेन, तर तो चांगलं का म्हणाला? पुस्तक खरेच चांगले असेल असे एक क्षणभर वाटले, हे कबूल करते. पण मी ते लिहिले आहे. मधली पाच प्रकरणे लंगडी आहेत हे मला माहीत आहे. ती त्याला दिसतील, तो मला बोलेल, मी विणायला बसेन आणि मग वाट सापडेल, याच भरवशावर मी ती तशी सोडली होती. त्याने ती पाहिलीच नाहीत.

पुढचे शुक्रवारचे.

मी थोरगिल्सच्या घरी गेले. वाल्बोर्ग क्लेयना, म्हणजे आमच्याकडचे पिळाचे गोड वडे, तळत होती. थोरगिल्स खिडकीशी बसला होता, समोर वर्तमानपत्र उघडे होते. मी कोट न काढताच सांगितले की माझ्या हृदयाला काही झालेले नाही.

“मग बरंच आहे की,” तो म्हणाला. “कुणी म्हटलं झालंय म्हणून?”

“तू. रविवारी. चांगलं झालंय म्हणालास.”

वाल्बोर्गने कढईखालची आच बंद केली. मी कादंबरीतली मधली प्रकरणे काढली आणि त्याला विचारले की ऊना भावाला शोधायला दुसऱ्यांदा घाटात जाते ते तुला पटले का. त्याने मान डोलावली. मी विचारले, भाऊ सापडतो तेव्हा काय वाटले? तो म्हणाला, वाईट वाटले. माझ्या कादंबरीत भाऊ सापडत नाही. मी ते बोलले नाही, पण त्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले, कारण माझा चेहरा त्याला अजून वाचता येतो.

“पान उलटलं की मागचं जातं, योरुन,” तो म्हणाला. “शेवटी शेवटी ती बाई कोण, गाडीत काय घेऊन चाललीय, काही कळेना. मागं जाऊन बघायचो, पुढं यायचो, तोवर तेही गेलेलं. तुझं फसलंय की माझं, हेच कळेना. म्हणून चांगलं म्हणालो. चांगलं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.”

“हिवाळ्यापासून हे असंय,” वाल्बोर्ग म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय. आल्दिसला कळवू नकोस म्हणाला, तुलाही नाही.”

“तुला तर नाहीच,” थोरगिल्स म्हणाला. “तू खर्डे आणायची बंद झाली असतीस.”

मी कोट न काढताच खाली बसले. या माणसाने मला नवरा म्हणून, बाप म्हणून, शेजारी म्हणून हजार वेळा दुखावले आहे, पण माझ्या पानांवर तो आयुष्यात कधी खोटे बोलला नव्हता. मी माझ्या सगळ्या लिहिण्याचे ओझे त्या एका गोष्टीवर टाकले होते. आणि ती मोडली तीही कशी, तर मी येत राहावे म्हणून. मला त्याला मारावेसे वाटले आणि जवळ घ्यावेसे वाटले, आणि मी दोन्हीतले काही केले नाही. वाल्बोर्गने माझ्या हातात गरम क्लेयना दिला. तो मी खाल्ला. चव लागली नाही.

घरी येऊन प्रकाशकबाईंना फोन केला आणि पुस्तक तयार नाही असे कळवले. त्यांनी विचारले, थोरगिल्स काय म्हणाला? मी म्हटले, तो काही म्हणाला नाही. या शरद ऋतूत ते येणार नाही, कदाचित पुढच्याही नाही. त्या रागावल्या, आणि त्यांचा राग रास्त आहे.

कलम सहा, दुसऱ्यांदा.
वरचे कलम सहा रद्द. मी जिवंत असेपर्यंत कादंबरी माझ्याकडेच राहील. ती पुरी होण्याआधी मी गेले, तर छापू नये. अर्धवट पुस्तकाला लोक मेलेल्या बाईचे म्हणून गोड बोलतील, आणि ते मला नको आहे.

शनिवारपासून मी रोज दुपारी त्याच्याकडे जाते. पूर्ण खर्डा त्याच्या हातात देत नाही. एक पान मी मोठ्याने वाचते. ते संपेपर्यंत ते सगळे त्याच्या डोक्यात असते, आणि तेवढ्या वेळात तो पहिल्यासारखा थोरगिल्स असतो. पहिल्याच पानावर त्याने विचारले, “बर्फ पडतंय म्हणतेस ना? मग ही बाई गाडी सुरू करायच्या आधी एवढा विचार कशाला करत बसलीय? तुला सुरुवात सुचत नाहीय, म्हणून हिला बसवून ठेवलंयस.” माझ्या कानशिलांत रक्त चढले. मी निरोपही न घेता घरी आले, लोकर काढली आणि टाके घातले. आल्दिसने फोनवर विचारले की तू रडतेस का हसतेस. मलाच सांगता आले नाही.

पण यात एक नुकसान आहे, आणि ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे कोणी मला धीर द्यायला येणार नाही. थोरगिल्स आता पान सांगू शकतो, पुस्तक सांगू शकत नाही. तिसऱ्या पानावरची गोष्ट पुढे कुठे खोटी पडते ते त्याला आता दिसणार नाही. सबंध पुस्तक उभे राहते की नाही हे यापुढे मला एकटीलाच बघावे लागेल. ते मी आजवर कधी केलेले नाही. मला त्याची भीती वाटते.

कलम सात. थोरगिल्सला काही नाही.
वकिलाने सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. मी थोरगिल्सला विचारले, टेबल घेतोस की साक्षीदार होतोस? साक्षीदाराला कागद वाचायला मिळतो का, असे त्याने विचारले. वकील म्हणाला, गरज नाही. मी म्हटले, मिळतो. मग तो म्हणाला, टेबल घालायला माझ्याकडे जागा कुठे आहे. म्हणून टेबल आल्दिसला, आणि थोरगिल्सला या कागदातून एक कवडीही नाही. त्याच्या स्मरणाविषयी कोणाला शंका असेल त्यांनी हे लक्षात घ्यावे की आणखी दोन साक्षीदार आहेत. त्यातला एक स्कूली आहे. माफी ही मालमत्ता ठरत नाही असे वकिलाचे मत पडले.

हे मृत्युपत्र मी त्याला कलमाकलमाने वाचून दाखवले आहे. स्वेटरांचे कलम लांबले आहे, असे त्याने सांगितले. मी चार स्वेटर काढून टाकले. पहिल्या कलमात आल्दिसच्या बाबतीत मी विनोद करून निसटते आहे, तिला माझ्यावर माया आहे हे सरळ लिही, असे तो म्हणाला. ते लिहिले आहे. कुंडाच्या कलमात त्याने स्वतः म्हटलेले वाक्य ऐकून विचारले की हे कोण म्हणाले, चांगले म्हणाले. मी सांगितले, तूच.

कलम आठ. आल्दिसवर एक काम.
मी आधी गेले तर आल्दिसने सवड मिळेल तेव्हा हुसाविकला यावे आणि वडिलांना एक पान वाचून दाखवावे. कोणाचेही चालेल. बरे झालेले नको, कच्चे शोधावे. आणि त्याने काहीही म्हटले तरी त्या दिवशी उलट उत्तर देऊ नये.

कलम नऊ. काढून टाकले.
हे कलम थोरगिल्सविषयी होते आणि बाकी सगळ्या कलमांपेक्षा मोठे होते. आज ते त्याच्यासमोर वाचले. मी मान वर केली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होते.

“काढ,” तो म्हणाला. “रडायचं काम तूच सगळं करून टाकलंयस. वाचणाऱ्याला काही ठेवलंच नाहीस.”

मी रागाने लाल झाले. हे एक कलम तरी असू दे, असे मी त्याला म्हटले. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि हात पुढे केला. मी त्याला पेन्सिल दिली, आणि त्याने स्वतःच्या हाताने वरपासून खालपर्यंत रेघ मारली. रेघ सरळ आली. खाडाखोडीशेजारी आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आहेत.

सह्या झाल्यावर वाल्बोर्गने कॉफी आणली. थोरगिल्सने कागद उचलला, आठवे कलम बोट ठेवून वाचले, खालच्या रेघेपाशी थांबला आणि मला विचारले, “इथं काय होतं?”

“होतं एक कलम,” मी म्हटले. “तू काढलंस.”

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवले.

“मग बरोबर काढलं असणार,” तो म्हणाला, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मी तो समजून लिहिला आहे आणि खाली नावे असलेल्यांच्या देखत सही करत आहे. मनाबद्दल पहिल्या परिच्छेदात जे लिहिले आहे त्यात अजून फरक नाही.

(सही) योरुन हाल्सदोत्तिर

साक्षीदार:
(सही) थोरगिल्स एयनार्सन, निवृत्त शिक्षक, हुसाविक
(सही) स्कूली मार्कुस्सोन, निवृत्त कप्तान, हुसाविक. तंबाखूविषयीचा मजकूर मान्य नाही, बाकी सही माझ्यासमोर झाली.
(सही) हेर्दिस ओर्नोल्फ्सदोत्तिर, पोहण्याच्या तलावावर नोकरीस, हुसाविक

हुसाविक, आमच्या पंचांगाप्रमाणे उन्हाळ्याचा पहिला दिवस, गुरुवार, २१ एप्रिल २०१६. बाहेर बर्फ पडत आहे.